संगमरवर न वितळता वाहतो तो कसा

मागच्या वर्षी घरात देवघराखालची लादी बदलली. मिस्त्रीने कटरने एक कोपरा उडवला आणि तो अंगठ्याएवढा तुकडा मी ढिगाऱ्यातून उचलून ठेवला, कारण मार्बलची पॉलिश केलेली बाजू आपण सगळे जन्मभर बघतो पण तो दगड नक्की आहे काय हे तुटलेल्या बाजूलाच कळतं. तुमच्याकडे असा तुकडा असेल तर उन्हात धरा आणि हळूहळू फिरवा. एका ठिकाणी बारीकसं लख्ख चमकतं, हात जरा कलला की ते विझतं आणि शेजारचं पेटतं. त्यातली प्रत्येक चमक म्हणजे एक दाणा. रवाळ तुपात रवा जिभेला लागतो ना, तसा इथे डोळ्याला लागतो. मार्बलवाले दुकानदार पण हाच शब्द वापरतात, हा बारीक दाण्याचा, तो मोठ्या दाण्याचा, आणि त्यांचं बरोबर आहे, कारण मार्बलमध्ये जे काही आहे ते सगळं या दाण्यातच आहे.

आणि मला आज हेच सांगायचंय की हा दाणा जन्मापासून असाच नसतो. डोंगर तयार होताना जमिनीखाली दगड दाबला जातो, ताणला जातो, तेव्हा आतले दाणे वाकतात, फुटतात, नवे जन्मतात, एकमेकांना खातात, आणि हे सगळं दगड घन असतानाच. शेवटी जे घडलं त्याचाच ठसा सगळ्यात ठळक राहतो, आधीचं बरंचसं पुसलं जातं. आणि तो शेवटचा ठसाच पुढे ठरवतो की तुमच्या भिंतीवरची लादी सरळ राहणार की वाकणार.

आधी एक गैरसमज काढून टाकू, कारण तो मी शिकल्यासवरल्या लोकांकडून पण ऐकलाय. मार्बल म्हणजे वितळून परत गोठलेला चुनखडक, असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं नाही. चुनखडक उघड्यावर तापवला तर ९०० अंशांच्या आसपास त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि हातात चुना उरतो, चुनाभट्टीत हेच चालतं. जमिनीखाली दाबामुळे गॅस सुटायला वाव नसतो म्हणून तो टिकतो, पण इटलीतला जगप्रसिद्ध कॅरारा मार्बल जेमतेम ३५० ते ४५० अंशांपर्यंतच तापलेला आहे. म्हणजे वितळण्याचा प्रश्नच नव्हता. तरीही त्या डोंगरात मार्बलचे थर चादरीच्या घड्यांसारखे दुमडलेले दिसतात, मीटरच्या मीटर, कुठे भेग नाही. घन दगड वाहिला. कसा, ते समजायला दाण्याच्या आत जावं लागेल.

दाणा म्हणजे कॅल्साइटचा, म्हणजे चुनखडक ज्या खनिजाचा बनतो त्याचा, एक स्फटिक. शाळेतल्या २६ जानेवारीच्या कवायतीची कल्पना करा. मैदानावर मुलांची एक तुकडी आहे, सगळे ठराविक अंतरावर, रांगा सरळ, सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला. ही तुकडी म्हणजे एक दाणा, आणि मुलं म्हणजे कॅल्शियम आणि कार्बोनेटचे अणुगट. शेजारी दुसरी तुकडी आहे, तिच्याही रांगा तेवढ्याच शिस्तीत, पण तोंडं वेगळ्या दिशेला. या दोन तुकड्या जिथे भेटतात तिथे जरा गडबड असते, कोणाच्याच रांगा जुळत नाहीत, ती झाली दाण्याची सीमा. मार्बलचा तुकडा म्हणजे असं खचाखच भरलेलं मैदान, मध्ये रिकामी जागा जवळपास नाहीच. फरशीत हे सगळं तिन्ही दिशांना असतं एवढाच फरक.

सुरुवातीला हे असं नसतं. कॅराराचा मार्बल ज्या अपुआन आल्प्स डोंगरांत मिळतो तिथे सुमारे २० कोटी वर्षांपूर्वी उथळ गरम समुद्र होता, त्यात शंख-शिंपल्यांचा चुरा आणि चुन्याचा गाळ साचून चुनखडक झाला, त्याचे कण इतके बारीक की भिंगातून पण नीट दिसणार नाहीत. मग खंड एकमेकांवर आदळले, हा थर १५ ते २० किलोमीटर खाली ढकलला गेला, आणि साधारण २ कोटी ७० लाख वर्षांपूर्वी तो त्याच्या सगळ्यात गरम अवस्थेतून गेला. शंख-शिंपले तिथेच संपले. आता त्या मार्बलमध्ये साधारण ०.१ ते ०.३ मिलिमीटरचे दाणे आहेत, म्हणजे केसाच्या जाडीपासून तिप्पट-चौपट.

आता दाबल्यावर कॅल्साइट काय करतो. पहिली आणि सगळ्यात सोपी गोष्ट तो करतो ती म्हणजे ट्विनिंग, जुळं होणं. हे तुम्ही घरी बघू शकता, आणि यात आपला महाराष्ट्र भाग्यवान आहे. आपल्या दख्खनच्या काळ्या दगडातल्या पोकळ्यांमध्ये झिओलाइट नावाच्या खनिजांसोबत कॅल्साइटचे छान स्फटिक मिळतात, अजिंठ्याला वगैरे पायथ्याशी लोक विकायला बसलेले असतात, त्यातला स्वच्छ पारदर्शक तुकडा मिळाला तर बघा, तो नेहमी तिरक्या पेटीच्या आकारातच फुटतो, आणि वर्तमानपत्रावर ठेवला की खालची अक्षरं दोन दोन दिसतात. तर असा तिरका तुकडा टेबलावर पक्का धरायचा, त्याच्या बोथट कडेवर सुरीचं पातं आडवं ठेवायचं आणि धक्का न देता हळू दाबायचं. दगड फुटायला पाहिजे असं आपल्याला वाटतं, पण जमलं तर फुटत नाही, पात्याच्या एका बाजूचा कोपरा चक्क सरकून दुसऱ्या बाजूला कलतो आणि तिथे नवीन गुळगुळीत चकचकीत पृष्ठभाग तयार होतो. घरात, थंड दगडावर, साध्या सुरीने. मी केलं तेव्हा तीन तुकडे फुटले आणि चौथा वळला, आणि तो वळताना बोटाला जे जाणवलं ते अजून लक्षात आहे, लोण्यात सुरी जावी तसं नाही पण काहीतरी निसटल्यासारखं. बाउमहाउअर नावाच्या जर्मन खनिजशास्त्रज्ञाने हे १८७९ मध्येच दाखवलं होतं.

कवायतीच्या भाषेत सांगायचं तर तुकडीतल्या काही रांगांनी एकदम, एकाच शिट्टीवर, आरशातल्या प्रतिबिंबासारखी बाजू बदलली. कोणी फार लांब चाललं नाही, प्रत्येकजण शेजाऱ्याच्या तुलनेत थोडासाच सरकला, पण पूर्ण तुकडीचा आकार तिरका झाला. मायक्रोस्कोपखाली हे फार सुंदर दिसतं. दगड घासून घासून ०.०३ मिलिमीटर पातळ करतात, काचेवर चिकटवतात, मग त्यातून प्रकाश आरपार जातो. कॉलेजमध्ये पहिल्यांदा मार्बलची स्लाइड लावली तेव्हा मला वाटलं की काचेवर ओरखडे आहेत, कारण दाण्यादाण्यातून सरळ समांतर रेघा गेलेल्या होत्या. मग लक्षात आलं की शेजारच्या दाण्यात त्या रेघांची दिशा वेगळी आहे, काहीमध्ये दोन दिशांच्या रेघा एकमेकींना छेदतायत, आणि सीमा आली की रेघ थांबते. ओरखडा असता तर तो सीमेला थांबला नसता ना. त्या प्रत्येक रेघेच्या पट्टीत स्फटिक उलटा वळलेला होता.

या रेघांची जाडी पण बोलते. साधारण १७० ते २०० अंशांच्या खाली दाबलेल्या कॅल्साइटमध्ये ट्विन अगदी पातळ राहतात, मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षा पण बारीक, आणि आणखी दाब आला तर त्या जाड होण्याऐवजी नव्या पातळ रेघा वाढत जातात. २०० अंशांच्या वर त्या जाड व्हायला लागतात, अजून गरम झालं तर वाकतात, आणि अडीचशेच्या पुढे त्यांच्या कडा खडबडीत, तुटक व्हायला लागतात कारण आता अणूंना जागा बदलायला पुरेशी ऊब आहे. म्हणजे नुसत्या रेघा बघून भूवैज्ञानिक सांगू शकतो की हा दगड दाबला गेला तेव्हा साधारण किती गरम होता, थर्मामीटर न लावता, कित्येक कोटी वर्षांनंतर. मला हे अजूनही विलक्षण वाटतं.

पण ट्विनिंगला मर्यादा आहे. बाजू बदलली की बदलली, सगळी तुकडी एकदा वळून झाली की त्या वाटेने पुढे काही मिळत नाही. डोंगर मात्र दाबतच असतो. मग दुसरा मार्ग सुरू होतो आणि तो समजायला लग्नाच्या हॉलमधलं मोठं जाजम डोळ्यासमोर आणा. अख्खं जाजम एकदम ओढून एक फूट सरकवायचं तर चार माणसं लागतील. पण एका टोकाला एक घडी, एक फुगवटा उभा करायचा आणि तो पायाने ढकलत ढकलत दुसऱ्या टोकाला न्यायचा, एकटा माणूस करतो, आणि फुगवटा बाहेर पडला की जाजम तेवढं सरकलेलं असतं. स्फटिकात पण अणूंचा पूर्ण थर एकदम सरकत नाही. कुठेतरी एक अर्धवट रांग घुसलेली असते, एक चूक, तिला डिसलोकेशन म्हणतात, आणि ती चूक थरातून सरकत जाते. १९३४ मध्ये टेलर, ओरोवान आणि पोलान्यी या तिघांनी वेगवेगळं काम करून हीच कल्पना मांडली, ती धातूंसाठी होती, पण दगडाला पण तशीच लागू पडते. लोहार तापलेलं लोखंड ठोकून वाकवतो आणि डोंगर मार्बल वाकवतो, आतलं काम एकच.

फरक वेगाचा आहे, आणि इथे एक छोटा हिशोब करण्यासारखा आहे. निसर्गात दगडाचा आकार ज्या वेगाने बदलतो असं धरतात तो वेग बऱ्याचदा सेकंदाला दहाच्या उणे चौदाव्या घाताच्या आसपास असतो, म्हणजे एकावर चौदा शून्यं देऊन त्याने एकाला भागायचं. हा आकडा ऐकून काही बोध होत नाही. म्हणून असं बघा, एक मीटरचा दगड वर्षभरात मिलिमीटरचा फक्त तीन दहाहजारांश भाग आखडतो. केसाच्या जाडीएवढं आखडायला दोन-तीनशे वर्षं. पण तेच १० लाख वर्षं चालू दिलं तर मीटरचे ३० सेंटिमीटर गेलेले असतात. आणि १० लाख वर्षं म्हणजे डोंगराच्या हिशोबात काहीच नाही.

आता या चुका, डिसलोकेशन, दाण्यात साठत जातात. साठल्या की एकमेकींच्या वाटेत येतात आणि दगड कडक होतो, तार वारंवार वाकवली की ती जशी ताठ होते तसं. थंड असेल तर गाडी इथेच अडते आणि शेवटी दगड फुटतो. पण ऊब असेल तर अणू हलू शकतात आणि आवराआवर सुरू होते, आणि माझ्या मते सगळ्या गोष्टीतला सगळ्यात रंजक भाग हाच. चुका विस्कळीत पडून राहण्याऐवजी एका ओळीत येऊन भिंतीसारख्या उभ्या राहतात. भिंतीच्या अलीकडचा भाग आणि पलीकडचा भाग यांच्यात एक-दोन अंशांचा फरक पडतो, म्हणजे एकाच तुकडीत काही मुलं किंचित डावीकडे वळली. याला सबग्रेन म्हणतात, दाण्यातला उपदाणा. दाब चालूच आहे, अजून चुका येऊन त्या भिंतीत भर घालतात, फरक पाच अंश, आठ अंश, आणि दहा-पंधरा अंशांच्या पुढे गेला की त्याला आता त्याच तुकडीचा भाग म्हणता येत नाही. नवा दाणा जन्मला. आईचा मोठा दाणा मध्ये आणि त्याच्या कडेने हे बारीक नवे दाणे, असं दृश्य स्लाइडवर दिसतं.

दुसरी वाट सीमा सरकण्याची. दोन शेजारी दाणे आहेत, एकात चुका खच्चून भरल्यात, दुसरा त्यामानाने स्वच्छ आहे. सीमेवरचा अणू भरलेल्या दाण्यातून सुटतो आणि स्वच्छ दाण्याच्या रांगेत लागतो, कारण तिथे ऊर्जा कमी लागते. मैदानावर कोणी कुठे चालत गेलं नाही, फक्त कडेच्या मुलाने तोंड फिरवून शेजारच्या तुकडीची दिशा धरली, आणि सीमा एक पाऊल सरकली. असं करत करत स्वच्छ दाणा शेजाऱ्याला खातो. हे सगळीकडे सारख्या वेगाने होत नाही त्यामुळे सीमा वाकडीतिकडी, दंतुर, फुगवट्यांची होते, जिगसॉ पझलचे तुकडे एकमेकांत अडकावेत तशी. ही अडकलेली सीमा लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

हे सगळं नुसतं स्लाइड बघून रचलेलं नाही, लोकांनी मार्बल खरंच दाबून बघितलाय. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात फ्रँक अॅडम्स आणि जॉन निकोल्सन यांनी कॅरारा मार्बलचे छोटे खांब घडीव लोखंडाच्या जाड नळीत घट्ट बसवले आणि दोन्ही बाजूंनी पोलादी दट्ट्याने दाबले, काही थंड, काही ३०० अंशांना. नळी मधून फुगली. कापून बघितली तर आतला मार्बल भुगा न होता अखंड होता, आखूड आणि जाड झालेला, आणि मायक्रोस्कोपखाली त्यात ट्विन झालेले, चपटे झालेले दाणे होते, डोंगरातल्या मार्बलसारखेच. हे काम १९०१ मध्ये छापून आलं. मग १९११ मध्ये थिओडोर फॉन कारमानने कॅरारा मार्बल चारी बाजूंनी द्रवाच्या दाबात ठेवून वरून दाबला आणि दाखवलं की बाजूचा दाब कमी असेल तर तो तडकतो, आणि तोच दाब पुरेसा वाढवला की तोच दगड, त्याच तापमानाला, न तडकता पिंपासारखा फुगतो. अंतराळ जिथे सुरू होतं असं मानतात ती कारमान रेषा, तो हाच माणूस, नंतर विमानांकडे वळला. पुढे अमेरिकेत १९५० च्या दशकात ग्रिग्ज आणि टर्नर या मंडळींनी कोलोराडोच्या यूल मार्बलवर असेच प्रयोग केले, वॉशिंग्टनचं लिंकन मेमोरियल बाहेरून ज्या मार्बलचं आहे तोच हा.

प्रयोगांतून एक फार उपयोगी नियम हाताला लागला. नवे जन्मलेले दाणे किती मोठे होणार हे मुख्यतः दगडावर ताण किती होता यावर ठरतं. जास्त ताण, लहान दाणा. ढोबळमानाने, दाणे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढे असतील तर ताण १०० ते २०० मेगापास्कल (ताण मोजायचं एकक), आणि दहाव्या भागाएवढे असतील तर १५ च्या आसपास. म्हणजे ट्विनची जाडी थर्मामीटर आणि दाण्याचा आकार वजनकाटा. कॅराराच्या खाणींमध्ये एकाच डोंगरात हे बाजूबाजूला दिसतं, बहुतेक मार्बल मोठ्या, शांत दाण्यांचा, आणि त्यातून मध्येच एखादा पट्टा जातो, कुठे मीटरभर रुंद तर कुठे बोटभर, जिथे डोंगर वर येताना सगळी हालचाल एकवटली, आणि तिथले दाणे बारीक, लांबट, एका बाजूला झोपलेले असतात.

दाणे खूपच बारीक झाले तर मात्र खेळाचे नियमच बदलतात. लिंबांनी गच्च भरलेली पिशवी आणि मोहरीची पिशवी दाबून बघा, मोहरी हाताखाली कशी सहज सरकते. काही मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) दाणे असतील तर दाण्याने स्वतः वाकायची गरजच राहत नाही, ते एकमेकांवरून घसरतात आणि सीमेवरून अणू इकडून तिकडे जाऊन पडणारी फट भरून काढतात. स्वित्झर्लंडमध्ये ग्लारुसला याचं सगळ्यात भारी उदाहरण आहे. तिथे जुन्या खडकांची एक प्रचंड चादर तरुण खडकांवरून कमीत कमी ३५ किलोमीटर सरकलीय, आणि या दोघांच्या मध्ये फक्त मीटरभराच्या आसपास जाडीचा एक फिकट कॅल्साइटचा थर आहे, डोंगरकड्यावर पट्टीने आखावी तशी रेघ लांबून दिसते. त्या थरातले दाणे काही मायक्रॉनचे आहेत. एवढा डोंगर त्या पातळ थरावरून वाहिला. २००८ पासून तो सगळा भाग युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.

आता पुसलं कसं जातं ते. दाबणं थांबलं पण दगड अजून खोल आहे, गरम आहे. मग साबणाच्या फेसासारखं होतं. कपडे भिजवलेल्या बादलीतला फेस थोडा वेळ बघत बसलात तर दिसेल की लहान बुडबुडे नाहीसे होतात आणि मोठे वाढतात, आणि तीन बुडबुडे जिथे भेटतात तिथे तिन्ही कोन सारखे, १२० अंशांचे. दाण्यांचं पण तेच, कारण सीमा म्हणजे गडबड, गडबड म्हणजे जास्तीची ऊर्जा, आणि ती कमी करायची तर सीमा कमी आणि सरळ हव्यात. चुका निघून जातात, वाकड्या सीमा सरळ होतात, लांबट दाणे गोलसर षटकोनी होतात. कॅराराच्या मोठ्या भागात हेच झालंय, कोटी वर्षं दाबलेला दगड नंतर निवांत तापत राहिला आणि त्याने बराचसा इतिहास स्वतःच पुसून टाकला. ग्रीसच्या नॅक्सोस बेटावर हे पायी फिरून बघता येतं, बेटाच्या आग्नेयेकडे खडक ४०० अंशांच्या आसपास तापलेले, मध्यभागी ७०० च्या जवळ, आणि जसजसं मध्याकडे जाल तसतसा मार्बलचा दाणा मोठा होत जातो. जुना पुतळा नॅक्सोसच्या दगडाचा की कॅराराच्या, हे ठरवताना पुरातत्त्ववाले सगळ्यात मोठ्या दाण्याचं माप घेतात ते यामुळेच.

मार्बलमधले करडे पट्टे पण इथेच समजतात. अभ्रक, ग्राफाइट असल्या परक्या कणांवर सीमा येऊन अडकते, पुढे सरकू शकत नाही, म्हणून करड्या पट्ट्यातला दाणा बऱ्याचदा पांढऱ्यापेक्षा बारीक राहतो. घरच्या फरशीवर भिंग लावून बघा.

आपल्याकडे मार्बल म्हटलं की मकराणा, आणि ते बरोबरच आहे, ताजमहाल तिथल्याच दगडाचा. पण महाराष्ट्रात फक्त काळा दगड असं समजू नका, नागपूरच्या पुढे रामटेक, देवलापारकडे सौसर गटाचे प्राचीन खडक आहेत आणि त्यात मार्बलचे थर आहेत. देवलापारला खडकांची चादरच्या चादर दुसऱ्या खडकांवर ढकलली गेलीय हे डब्ल्यू. डी. वेस्ट यांनी १९३६ मध्ये मांडलं, म्हणजे आल्प्समध्ये जे घडलं त्याचा फार फार जुना अवतार आपल्या विदर्भात आहे. जबलपूर हायवेने जाणाऱ्यांना माहीत पण नसतं की गाडी कशावरून चाललीय.

आता भिंतीवरच्या लादीकडे येतो. कॅल्साइटची एक विचित्र सवय आहे, तापवला की तो एका दिशेने फुगतो आणि तिच्या आडव्या दिशेने चक्क आक्रसतो. एकटा स्फटिक असेल तर काही बिघडत नाही. पण मैदानातल्या सगळ्या तुकड्यांची तोंडं वेगवेगळीकडे आहेत, त्यामुळे ऊन पडलं की एक दाणा शेजाऱ्याला ढकलतो आणि दुसरा शेजारी मागे सरकतो. रोज ऊन, रोज रात्र, वर्षानुवर्षं. दाणे कवायतीत एकाच बाजूला वळलेले असतील तर लादी एका दिशेने जास्त हलते. आणि सीमा जर त्या साबणाच्या फेसासारख्या सरळ, गुळगुळीत असतील तर त्या सुटायला सोप्या जातात, दाणा शेजाऱ्यापासून सुटा होतो, लादी हळूहळू थाळीसारखी वाकते आणि शेवटी पृष्ठभागावरून साखरेसारखे दाणे गळायला लागतात. जिगसॉसारख्या अडकलेल्या सीमा असतील तर सुटणं अवघड. पाणी, लादीची जाडी, ती बसवली कशी यांचाही हात असतोच, पण युरोपात झालेल्या अभ्यासांतून सीमेचा आकार फार महत्त्वाचा आहे हे पुन्हा पुन्हा पुढे आलं.

याची किंमत केवढी असू शकते बघा. शिकागोत १९७० च्या दशकात बांधलेल्या अमोको या तेल कंपनीच्या ८० हून जास्त मजल्यांच्या इमारतीला कॅरारा मार्बलच्या सुमारे ४३ हजार पातळ लाद्या लावल्या होत्या, त्या वाकायला लागल्या, आधी पोलादी पट्ट्यांनी आवळल्या आणि मग १९९० ते १९९२ मध्ये सगळ्याच्या सगळ्या काढून ग्रॅनाइट लावला. हेलसिंकीत आल्वार आल्टो या वास्तुविशारदाने बांधलेला फिनलंडिया हॉल १९७१ चा, कॅरारा मार्बलच्याच लाद्या, त्याही वाकल्या, १९९० च्या दशकाच्या शेवटी बदलल्या तर पुन्हा कॅराराच लावला आणि पुन्हा वाकला. आताच्या दुरुस्तीत मात्र इटलीच्याच उत्तरेकडचा लासाचा मार्बल लावलाय. आणि गंमत बघा, रोममधला ट्राजनचा स्तंभ पण कॅराराच्याच खाणीतला, १९०० वर्षं उभा आहे, पण तो जाडजूड ठोकळ्यांचा, तीन सेंटिमीटरची लादी नाही. त्यामुळे कॅरारा वाईट असं कोणी म्हणू नये, त्याच डोंगरात सरळ सीमांचा पण मार्बल आहे आणि अडकलेल्या सीमांचा पण, नाव एकच, शेवटी काय घडलं ते वेगळं. बाहेरच्या उन्हातल्या भिंतीला लावायचा असेल तर नुसतं खाणीचं नाव विचारून उपयोग नाही, त्या ब्लॉकची स्लाइड कोणीतरी बघायला हवी, मोठ्या कामाच्या खर्चापुढे हा खर्च अगदीच किरकोळ आहे.

देवघराखालचा माझा तुकडा भिंगातून बघितला तर दाणे दिसतात, काहींवर ट्विनच्या रेघा पण दिसतात, एका कोपऱ्यात तर दोन दिशांच्या एकमेकींना छेदणाऱ्या. पण सीमा सरळ आहेत की दंतुर हे भिंगाने ठरत नाही. म्हणून परवा तो एका मित्राकडे स्लाइड करायला दिलाय. त्याला सांगितलंय की तुकड्यावर खुणेची रेघ मारलीय, वरची बाजू कुठली ते हरवू देऊ नकोस, मला आधी तीन दाणे जिथे भेटतात ते कोन मोजायचेत.